सपाट जिल्ह्यातील ई-सायकल : मोटर चाकात असावी की पेडलपाशी?

भंडारा जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला गोंदिया जिल्हा हा धानाच्या बांध्यांचा, तलावांचा आणि राइस मिलचा प्रदेश. सालेकसा-दरेकसाचा डोंगराळ पट्टा आणि नवेगाव-नागझिऱ्याच्या टेकड्या सोडल्या, तर गोंदिया, आमगाव, तिरोडा या भागांतील बहुतेक रस्ते सपाट आहेत. अशा भूमीवर सायकल रुजली नसती तरच नवल! मिलमध्ये कामाला जाणारा मजूर, शाळेत जाणारी मुलगी, बाजाराला निघालेला शेतकरी या साऱ्यांच्या दाराशी ती वर्षानुवर्षे उभी आहे. आता तिचीच विद्युतचलित बहीण दुकानांत दिसू लागली असून, सायकल सोडून स्कूटरकडे वळलेला मध्यमवर्गीय ग्राहक तिच्याकडे कुतूहलाने पाहू लागला आहे.

कुतूहलापाठोपाठ गोंधळही येतो. पंचवीस-तीस हजारांपासून काही लाखांपर्यंत किमती पसरलेल्या. माहितीपत्रकावर वॅट, व्होल्ट, न्यूटन-मीटर यांची गर्दी. विक्रेता एकीकडे 'हब मोटर' म्हणतो, दुसरीकडे 'मिड-ड्राइव्ह' हीच खरी, असे कुठेतरी वाचलेले असते. पस्तीस ते पन्नास हजारांच्या मधल्या किमतीची सायकल घेणाऱ्याला मग वाटू लागते, की आपण पैशांअभावी दुय्यम वस्तू पत्करत आहोत. हा समज कितपत खरा आहे, हे आपल्याच जिल्ह्यातील रस्ते, ऊन आणि चिखल यांच्या कसोटीवर तपासून पाहू.

सायकल की मोटारवाहन?

आधी कायद्याची बाजू. केंद्रीय मोटारवाहन नियमांनुसार ज्या विद्युत दुचाकीच्या मोटरची शक्ती २५० वॅटच्या आत, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरीखेरीज वजन ६० किलोंच्या आत असते, तिला मोटारवाहन मानले जात नाही. तिला नोंदणी क्रमांक लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही. मात्र ही सवलत विक्रेत्याच्या शब्दावर मिळत नसते. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने त्या मॉडेलला तसे प्रमाणपत्र दिलेले असावे लागते. 'वेगाचे कुलूप काढून देतो, चाळीसने पळेल' असे सांगणारा विक्रेता आपल्याला नकळत बिगरनोंदणीचे मोटारवाहन विकत असतो. अपघात झाला की या फरकाची खरी किंमत कळते.

जुनीच कल्पना, नवे रूप

चाकात मोटर बसवण्याची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. ऑग्डेन बोल्टन या अमेरिकी गृहस्थाने ३१ डिसेंबर १८९५ रोजी मागच्या चाकाच्या मध्यभागी मोटर असलेल्या सायकलचे पेटंट मिळवले. तिची बॅटरी अवघ्या १० व्होल्टची होती. जवळपास शंभर वर्षांनी, १९९३ मध्ये, जपानच्या यामाहा कंपनीने दुसरी वाट धरली. मोटर पेडलच्या आसापाशी बसवायची आणि पाय जितका जोर लावील त्या प्रमाणात तिने साथ द्यायची, ही ती वाट. आजच्या बहुतेक ई-सायकली या दोन घराण्यांतल्या आहेत.

पायाला यंत्राची साथ ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. १९७२ मध्ये कायनेटिकने बाजारात आणलेल्या लुनालाही पेडल होतेच. इंजिन सुरू करायला ते लागे आणि चढावर इंजिन धापा टाकू लागले की पायही मदतीला धावत. ई-सायकलमध्ये हे नाते उलटे झाले आहे : मुख्य काम पायांचे, मदत यंत्राची.

जोर कोणत्या वाटेने जातो?

हब मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यात असते. बॅटरीतून आलेली वीज थेट चाक फिरवते, त्या जोराचा सायकलच्या साखळीशी आणि गिअरशी काही संबंध येत नाही. मधल्या किमतीच्या सायकलींत बहुधा याच मोटरचा 'गिअर्ड' प्रकार असतो. आतली मोटर वेगाने फिरते आणि छोटी नायलॉनची दातेरी चाके तो वेग कमी करून जोर वाढवतात. आत एकेरी फिरणारा क्लचही असतो, त्यामुळे बॅटरी संपली तरी सायकल साध्या सायकलीसारखी हलकी चालते. ज्या हब मोटरमध्ये ही दातेरी चाके नसतात, ती अधिक टिकाऊ. पण जड असते आणि वीज बंद असताना तिच्यातील चुंबकांमुळे चाकाला ओढ जाणवते.

मिड-ड्राइव्ह मोटर पेडलच्या आसापाशी असते. तिचा जोर पायांच्या जोरात मिसळून साखळीवरून मागच्या चाकाकडे जातो. याचा मोठा लाभ असा, की सायकलचे गिअर मोटरलाही वापरता येतात. चढ आला, हलका गिअर टाकला, की चाक मंद फिरले तरी मोटर आपल्या सोयीच्या वेगाने फिरत राहते. हब मोटरला ही मुभा नाही. तिचा वेग चाकाच्या वेगाशी जखडलेला असतो. उभ्या, लांब चढावर चाक मंदावले की मोटरही मंदावते. मग बॅटरीतल्या विजेचा मोठा भाग गती होण्याऐवजी उष्णता होऊन वाया जातो आणि मोटर तापते.

घाटातल्या स्वारासाठी मिड-ड्राइव्हचे श्रेष्ठत्व म्हणूनच निर्विवाद आहे. युरोपातील डोंगराळ प्रदेशांत तिला मान मिळाला तो या कारणाने. प्रश्न एवढाच, की गोंदियात घाट किती?

न्यूटन-मीटरचा घोळ

माहितीपत्रकात हब मोटरसमोर ४० न्यूटन-मीटर आणि मिड-ड्राइव्हसमोर ६० लिहिलेले असते. वाचणारा साहजिकच साठाला श्रेष्ठ मानतो. मात्र हे दोन आकडे वेगवेगळ्या ठिकाणी मोजलेले आहेत. हब मोटरचा पीळ चाकावरचा आहे, तर मिड-ड्राइव्हचा पेडलच्या आसावरचा. पुढच्या चकतीला ४० दाते आणि मागच्या चकतीला २० दाते असतील, तर आसावरचा ६० न्यूटन-मीटर चाकापर्यंत पोचताना ३० होतो. मागे ३२ दात्यांची मोठी चकती घेतली तर ४८ होतो, पण चाकाचा वेग त्या प्रमाणात उतरतो.

शिवाय हे आकडे कमाल जोराचे, म्हणजे सायकल जागची हलताना किंवा मंद गतीने चालताना मिळणारे. ताशी २० किलोमीटर वेगाने धावताना २५० वॅटची कोणतीही मोटर, मग ती कुठेही बसवलेली असो, चाकाला जेमतेम १५ न्यूटन-मीटर पीळ देऊ शकते. तिथे घराणे गौण ठरते आणि वॅटची मर्यादाच निर्णायक होते.

आपल्या रस्त्याचा हिशेब

सत्तर किलोंचा स्वार, पंचवीस किलोंची सायकल आणि पाच किलोंची पिशवी, असे १०० किलो वजन धरू. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेग राखायला सुमारे १०० ते १२५ वॅट शक्ती पुरते. त्यातही निम्म्याहून अधिक हवा कापण्यात खर्ची पडते. समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा असेल तर हीच गरज १८० वॅटच्या पुढे जाते. साधारण प्रकृतीचा माणूस ५० ते ७५ वॅट बराच वेळ देऊ शकतो. म्हणजे सपाट रस्त्यावर २५० वॅटची मोटर बहुतांश वेळ निम्म्या क्षमतेनेही काम करत नाही.

आता चढाचा विचार करू. रेल्वेमार्गाने गोंदिया शहराचे दोन भाग केले आहेत. शहरातल्या स्वाराला रोज भेटणारा चढ म्हणजे रुळांवरून जाणाऱ्या पुलाचा. शंभर मीटरला पाच मीटर वर चढणारा रस्ता धरला, तर ताशी १५ किलोमीटरने तो चढायला सुमारे २६० वॅट लागतात. त्यांपैकी १०० वॅट स्वाराने दिले तर मोटरच्या वाट्याला १६० येतात. ही कामगिरी काही मिनिटांची असते आणि चांगली हब मोटर ती न तापता पार पाडते. दरेकसाच्या बाजूला डोंगराळ वाटेने रोज जाणाऱ्याचे गणित वेगळे. पण आमगाव, गोरेगाव, तिरोडा या बाजूंना धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्याने मिड-ड्राइव्हसाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजणे म्हणजे न येणाऱ्या घाटाचे भाडे आगाऊ भरण्यासारखे आहे.

पायाचा जोर ओळखणारी सायकल

मग मधल्या किमतीच्या दोन सायकलींत डावे-उजवे कसे ठरवायचे? इथे मोटरहून अधिक महत्त्वाचा ठरतो तो सेन्सर. स्वस्त सायकलींत पेडल फिरते आहे किंवा नाही एवढेच ओळखणारा सेन्सर असतो. पेडल अर्धा फेरा फिरले की मोटर अचानक ढकलते आणि पाय थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहते. मोकळ्या रस्त्यावर हे खपून जाते, पण भाजीबाजाराच्या गर्दीत हा क्षणभराचा उशीर धोक्याचा ठरतो. दुसरा प्रकार टॉर्क सेन्सरचा. तो पाय किती जोराने दाबला हे मोजतो आणि त्या प्रमाणात मदत सोडतो. चालवणाऱ्याला वाटते, आज आपल्याच पायांत बळ आले आहे. या सेन्सरमुळे बॅटरीही पुरवून वापरली जाते. चार-पाच हजार जास्त खर्च करायचेच असतील तर ते मोठ्या पडद्यावर किंवा जाड टायरवर न करता या सेन्सरवर करावेत. साधा सेन्सर असेल, तर ब्रेक दाबताच मोटरची वीज तोडणारा स्विच दोन्ही ब्रेकना आहे ना, हे तरी पाहून घ्यावे.

खरे इंधन बॅटरीच

'एका चार्जमध्ये ६० किलोमीटर' हे वाक्य वाचताना व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करण्याची सवय लावावी. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॅट-तास. त्यातले निर्धास्तपणे वापरता येण्याजोगे ३०० धरू. पेडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर, थांबत-निघत चालवल्यास किलोमीटरला सुमारे १२ वॅट-तास लागतात, म्हणजे २५ किलोमीटरचा पल्ला. पेडलची साथ दिली तर हा खर्च ७ पर्यंत उतरतो आणि पल्ला ४० किलोमीटरच्या थोडा पुढे जातो. गोंदियाहून आमगाव सुमारे २५ किलोमीटर. जाऊन-येऊन पन्नास. या बॅटरीवर तो प्रवास करायचा तर दुपारी कार्यालयात चार्जिंगची सोय हवीच. शहरातल्या शहरात दहा-पंधरा किलोमीटर फिरणाऱ्याला मात्र हीच बॅटरी दोन दिवस पुरेल.

विजेचा खर्च नगण्य आहे. पूर्ण चार्जला अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते. युनिटला दहा रुपये धरले तरी पाच रुपयांच्या आत काम होते. खरा खर्च बॅटरीच्या झिजेचा. लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ५०० ते ८०० पूर्ण फेऱ्यांनंतर आपली क्षमता लक्षणीयरीत्या गमावते. ५०० फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत ४० किलोमीटर, म्हणजे २० हजार किलोमीटर. नवी बॅटरी १५ हजारांना पडते असे मानले, तर किलोमीटरला ७५ पैसे होतात. विजेच्या खर्चाच्या तुलनेत ही रक्कम सात-आठ पट आहे. म्हणून सायकलची किंमत विचारताना त्याच दमात नव्या बॅटरीची किंमत, तिच्या हमीची वर्षे आणि ती कुठे मिळेल, हे विचारलेच पाहिजे.

बचतीचा हिशेबही भाबडेपणाने करू नये. रोज २० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस धरू. लिटरला ४५ किलोमीटर जाणारी स्कूटर आणि लिटरमागे १०० रुपये असा दर मानला, तर पेट्रोलवर वर्षाला सुमारे १३ हजार रुपये जातात. ई-सायकलला वीज सुमारे ६०० रुपयांची आणि पुढच्या बॅटरीसाठी बाजूला ठेवायचे साडेचार हजार. उरतात आठ हजार. घरी स्कूटर असताना ४५ हजारांची सायकल घेतली तर तिचे पैसे फिटायला पाच-सहा वर्षे लागतात. मात्र घरात दुसरी स्कूटर घेण्याऐवजी ई-सायकल घेतली, तर पहिल्या दिवसापासूनच ती फायद्याची.

नवतपा आणि रोवणी

मोटरची निवड सपाट रस्त्याने सोपी केली, पण उन्हाने आणि पावसाने नवे प्रश्न उभे केले आहेत. नवतप्याच्या दिवसांत इथला पारा ४४-४५ अंशांवर जातो. सामान्य लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांवर तापलेली असताना चार्ज करू नये, असा बहुतेक उत्पादकांचा दंडक असतो. दुपारी उन्हात उभ्या केलेल्या सायकलची बॅटरी हवेपेक्षाही अधिक तापते. अशी बॅटरी घरी आणताच चार्जिंगला लावणे म्हणजे तिचे आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करणे. ती काढून सावलीत, घरातल्या थंड फरशीवर तास-दोन तास ठेवावी, रात्री उशिरा किंवा पहाटे चार्ज करावी. सायकल घेताना बॅटरी किल्लीने काढता येते का, हे पाहायचे ते यासाठीच. उन्हाळ्यात काही आठवडे सायकल वापरायची नसेल, तर बॅटरी पूर्ण भरून न ठेवता अर्धी भरलेली ठेवावी.

रोवणीचे दिवस आले की चिखलाची पाळी. इथे हब मोटरची एक बाजू पुन्हा वर येते. मिड-ड्राइव्हमध्ये पायांचा आणि मोटरचा असा दुहेरी भार साखळीवर पडतो. त्यात चिखल आणि रेती मिसळली की साखळी व दातेरी चकत्या लवकर झिजतात. साखळी तुटली तर मोटर असूनही सायकल ढकलत न्यावी लागते. हब मोटरची सायकल अशा वेळी थ्रॉटलवर घरी पोचवते. पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा आयपी अक्षरांपुढच्या अंकांत दिलेला असतो. ६५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण आणि ६७ म्हणजे मर्यादित खोलीच्या पाण्यात थोडा वेळ बुडाल्यासही संरक्षण. हा दर्जा मोटरचा, बॅटरीचा की नियंत्रकाचा, हे स्वतंत्रपणे विचारावे. आणि दर्जा कोणताही असो, धुण्याच्या केंद्रावरचा जोरदार पाण्याचा झोत या सायकलवर कधीही मारू नये.

दुकानात काय पाहावे?

हब मोटरचे दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मागच्या चाकाचे वजन वाढते, स्पोकवर ताण येतो आणि पंक्चर काढणे किचकट होते. चाक उतरवण्याआधी मोटरची वायर सोडवावी लागते. आसावर मोटरचा पीळ रोखणारे विशेष वॉशर असतात, ते उलटे किंवा सैल बसले तर आस फिरून वायर तुटू शकते. म्हणून विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला एकच विनंती करावी : "भाऊ, मागचे चाक माझ्यासमोर काढून पुन्हा बसवून दाखवा." जो पंधरा मिनिटांत हे करून दाखवतो, त्याच्याकडे दुरुस्तीची सोय आहे असे समजावे. जो टाळतो, त्याच्याकडे पुढे काय वाट्याला येणार याचा अंदाज तिथेच येतो. नियंत्रक, चार्जर आणि आतली नायलॉनची चाके यांचे सुटे भाग गावात मिळतील की १३० किलोमीटरवरच्या नागपूरला धाडावे लागतील, हेही विचारावे.

चाचणीची फेरी सपाट रस्त्यावर मारून समाधान मानू नये. मागे पिशवी बांधून पुलाचा चढ एकदा थांबून, पुन्हा निघून चढावा. मग मोटर बंद करून एक किलोमीटर पेडल मारावे. बॅटरी संपलेल्या दिवशी हीच सायकल आपल्याला घरी न्यायची आहे. ती वीज नसताना ओढवत नसेल, तर ती सायकल म्हणून अपुरी आहे.

कोळशाचा आक्षेप

या जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. वीज कोळशाची असेल तर पर्यावरणाचा लाभ तो काय, असा प्रश्न कुणी विचारील. तो रास्तही आहे. कोळशाच्या एका युनिट विजेमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. किलोमीटरला १० वॅट-तास खाणारी ई-सायकल त्या हिशेबाने १० ग्रॅम सोडते. पेट्रोलची स्कूटर सोडते सुमारे ५०. म्हणजे कोळशाची वीज वापरूनही भार पाचव्या हिश्श्यावर येतो. याचे श्रेय अर्थात सायकलच्या हलकेपणाला आणि पेडल मारणाऱ्या पायांना आहे.

थोडक्यात, महागडे तंत्रज्ञान आणि योग्य तंत्रज्ञान या दोन गोष्टी दर वेळी एकच नसतात. डोंगरदऱ्यांत तयार झालेले मोजमाप धानाच्या सपाट पट्ट्याला लावले, की आपली वस्तू उगाच कमी वाटू लागते. गोंदियाच्या ग्राहकाने मिड-ड्राइव्हची खंत न बाळगता आपला पैसा चांगला सेन्सर, काढता येणारी विश्वासार्ह बॅटरी आणि हाकेच्या अंतरावरचा दुरुस्ती करणारा मिस्त्री या तीन गोष्टींवर लावावा. आपला रस्ता, आपले ऊन आणि आपले रोजचे अंतर हाच निवडीचा पहिला निकष. तो एकदा पक्का केला, की माहितीपत्रकातले आकडे वाचायला घाबरण्याचे कारण उरत नाही.